ग्रीक भाषेचा अभ्यास आणि मराठी वाचक

आमच्या वाङ्मयचर्चेंत ग्रीक नांवांचा तुटवडा कधींच नव्हता. शोकांतिकेवर चार ओळी लिहावयाच्या असल्या तरी ॲरिस्टॉटल येतो. न्यायान्यायाची गोष्ट निघाली कीं सॉक्रेटिसाचा विषाचा प्याला येतो. आणि एखादी वस्तु फारच नामी वाटली तर घरांतलें लहान मूलहि तिला 'अफलातून' म्हणतें. हें प्लेटोचेंच नांव अरबी-फारसीच्या वाटेनें आपल्या बोलण्यांत शिरलेलें आहे, हें मात्र त्या मुलाला कोणी सांगितलेलें नसतें. नांवें विपुल, परिचय थोडा, आणि भाषेचें ज्ञान जवळजवळ शून्य, अशी ही स्थिति आहे. ती आजचीच आहे असें नव्हे. परंतु ती पालटण्याची साधनें आज जितकीं सुलभ झालीं आहेत तितकीं पूर्वीं कधींच नव्हतीं. म्हणून साताऱ्यांत किंवा सांगलींत राहणाऱ्या, शाळेंत संस्कृत शिकलेल्या मुलाला वा मुलीला प्राचीन ग्रीक भाषा शिकण्याची इच्छा झाली, तर तिच्या हाताशीं काय आहे, त्याचा उपयोग किती, आणि त्यांत उणें काय, याचा विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम एक आक्षेप दूर केला पाहिजे. ग्रीक ही आपणांस सर्वस्वीं परकी भाषा, तिचा आपला संबंध इंग्रजांनीं जोडला, असा एक समज आहे. तो खरा नाहीं. आपल्याकडील जोशी कुंडलींत ज्या स्थानांना केंद्र म्हणतो, तो 'केंद्र' शब्द ग्रीक 'केन्त्रोन' होय. पणफर, आपोक्लिम, जामित्र, द्रेष्काण, होरा हे सारे त्याच घराण्यांतले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या भारतीय ज्योतिःशास्त्राच्या इतिहासांत, म्हणजे १८९६ सालींच, या संबंधाची चिकित्सा मराठींत झालेली आहे. आज आपण 'केंद्र सरकार' म्हणतों तेव्हां तोच शब्द उच्चारतों. १७०० सालीं औरंगजेबाच्या सैन्यानें साताऱ्याच्या किल्ल्याला सुरुंग लावले, व त्यांतील एक उलटून मोगलांचेच अनेक लोक गाडले गेले, ही कथा साताऱ्यांतील शाळकरी पोरालाहि ठाऊक असते. पण 'सुरुंग' हा शब्दच ग्रीक 'सुरिंक्स' यावरून संस्कृतांत आला असें भाषापंडित मानतात, हें थोड्यांनाच ठाऊक आहे. कार्ल्याच्या लेण्यांतील खांबांवर धेनुकाकटाच्या यवन दात्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. नाशिकच्या लेण्यांत इंद्राग्निदत्त नांवाच्या यवनाचा लेख आहे. सांगलीपासून जवळच कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेकडीवर पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची लहानशी कांस्यमूर्ति सांपडली. आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकांत कोणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानें लिहिलेल्या 'पेरिप्लुस' या समुद्रप्रवासाच्या पुस्तकांत भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, व तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आपलें तेर, यांचा उल्लेख आहे. सोपारें, कल्याण व चौल हीं बंदरें त्यांत आहेत. महाराष्ट्राच्या इतिहासाचीं कांहीं आरंभींचीं पानें अशीं ग्रीक भाषेंत लिहिलेलीं आहेत. तीं आम्ही इंग्रजी भाषांतरांतून वाचतों, हा भाग वेगळा.

या संबंधाचा अभिमान बाळगावा किंवा संकोच वाटून घ्यावा, असें आमचें म्हणणें नाहीं. दोन मोठ्या संस्कृति शेजारीं आल्या म्हणजे देवघेव होतेच. आमचें म्हणणें इतकेंच, कीं ज्या भाषेशीं आपला व्यवहार दोन हजार वर्षांपूर्वीं समोरासमोर झाला, तिच्याशीं गेलीं पावणेदोनशें वर्षें तो दुभाष्यामार्फत चालला आहे.

हा दुभाषी म्हणजे अर्थातच इंग्रजी. त्याचे उपकार नाकारण्याचें कारण नाहीं. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं १८५२ सालीं सॉक्रेटिसाचें चरित्र मराठींत आणिलें तें याच वाटेनें. विंदा करंदीकरांनीं १९५७ सालीं 'ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र' मराठी वाचकांपुढें ठेविलें, आणि पु. ल. देशपांड्यांनीं १९७९ सालीं सोफोक्लीझचें नाटक 'राजा ओयदिपौस' या नांवानें आणिलें. हीं कामें मोठ्या योग्यतेचीं आहेत. साताऱ्याच्या वाटेवर वाईस तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखालीं मराठी विश्वकोश तयार होऊं लागला व १९७६ सालीं त्याचा पहिला खंड निघाला. ग्रीक भाषा, साहित्य व तत्त्वज्ञान यांविषयींची विश्वसनीय माहिती मराठींत कोठें पाहावी असें कोणी विचारल्यास आम्ही आजहि प्रथम त्याच कोशाकडे बोट दाखवूं. आतां तो संगणकावर घरबसल्या वाचतां येतो.

सांगलीचा या विषयाशीं अधिक जवळचा संबंध आहे. १९१९ सालीं स्थापन झालेल्या विलिंग्डन महाविद्यालयांत गुरुदेव रा. द. रानडे यांनीं अध्यापन केलें. ते जमखंडीचे, त्यांचे गुरु भाऊसाहेब महाराज हे जत तालुक्यांतील उमदीचे. या साधकानें आरंभीच्या काळांत हेराक्लायटसावर आणि ॲरिस्टॉटलनें ईलियाच्या तत्त्वज्ञांवर केलेल्या टीकेवर निबंध लिहिले, आणि १९२६ सालीं प्रसिद्ध झालेल्या उपनिषदांवरील ग्रंथांत उपनिषदांतील ऋषींना ग्रीक तत्त्वचिंतकांच्या शेजारीं आसन दिलें. तुलना करावयाची तर दोन्ही बाजूंचा अभ्यास सारख्याच श्रद्धेनें व सारख्याच कठोरपणानें केला पाहिजे, हा धडा त्यांनीं घालून दिला. कठोपनिषदांतील रथ आणि प्लेटोच्या 'फायद्रोस' संवादांतील रथ हे दोन्ही आपण एका वाक्यांत सांगून मोकळे होतों. पण कठांत इंद्रियें हे घोडे, मन हा लगाम, बुद्धि ही सारथी, आणि रथांत बसलेला आत्मा निराळाच आहे. प्लेटोच्या रथाला एक सुलक्षणी व एक दुष्ट असे दोनच घोडे आहेत, आणि सारथ्याच्या पाठीमागें बसलेला असा कोणी रथी नाहीं. साम्य डोळ्यांत भरतें. महत्त्वाचा मात्र भेद आहे, आणि तो मूळ शब्दांपाशीं गेल्यावांचून नीट हातीं लागत नाहीं.

मूळाकडे जाणारी एक व्यक्ति मात्र आमच्यांत होऊन गेली, आणि तिची आठवण या संदर्भांत फारशी कोणी करीत नाहीं, याचें आम्हांस नवल वाटतें. पंडिता रमाबाईंनीं बायबलाचें मराठी भाषांतर मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलें. १९२२ सालीं त्या निवर्तल्या, व १९२४ सालीं तें संपूर्ण भाषांतर केडगांवच्या मुक्ति मिशनच्या छापखान्यांतून बाहेर पडलें. त्यांचा धर्म कोणाला मान्य असो वा नसो, संस्कृताच्या घरांत वाढलेली एक मराठी स्त्री पिकल्या वयांत ग्रीक व हिब्रू ग्रंथांशीं झुंजते, आणि साध्या माणसाला समजेल अशा मराठींत त्यांचा अर्थ उतरविते, ही गोष्ट आमच्या विद्येच्या इतिहासांत सोन्याच्या अक्षरांनीं लिहिण्याजोगी आहे. संस्कृताच्या पायावर ग्रीक उभारतां येतें, याचा याहून चांगला पुरावा कोणता द्यावा?

आतां कोणी म्हणेल, भाषांतरें असतां मूळ कशाला? याचें उत्तर दोन-तीन शब्दांच्या उदाहरणानें देतों.

ॲरिस्टॉटलच्या 'काथार्सिस' या शब्दासाठीं मराठी टीकेंत 'विरेचन' हा शब्द रूढ झाला आहे. शब्द आयुर्वेदांतला, पंचकर्मांतील एका कर्माचा. वापरणाऱ्याची दृष्टि मार्मिक होती यांत शंका नाहीं. परंतु ग्रीक शब्दाला वैद्यकीय अर्थाबरोबरच धार्मिक शुद्धीचा अर्थहि आहे. रक्तपातानें विटाळलेला मनुष्य ज्या विधीनें शुद्ध होई त्यालाहि तोच शब्द लागे. शोकांतिका पाहून भय व करुणा बाहेर टाकल्या जातात, कीं त्या भावनाच निर्मळ होतात, हा वाद पाश्चात्य पंडितांत शतकानुशतकें चालला आहे. आम्हीं 'विरेचन' म्हटलें आणि नकळत त्या वादाचा निकाल लावून टाकला. आमच्या विद्यार्थ्याला असा वाद आहे हेंच कळत नाहीं. त्याला वाटतें, ॲरिस्टॉटलनें जुलाबाची उपमा दिली आणि प्रश्न मिटला.

तीच गोष्ट 'हामार्तिया' या शब्दाची. आमच्या परीक्षांच्या उत्तरपत्रिकांतून त्याचा अर्थ 'नायकाच्या स्वभावांतील दोष' असा छापील ठशाप्रमाणें येतो. मूळ क्रियापदाचा अर्थ नेम चुकणें असा आहे. होमरच्या काव्यांत भाला लक्ष्यावर न बसतां बाजूला गेला कीं हेंच क्रियापद येतें. स्वभावांतील दोष निराळा आणि नेम चुकणें निराळें. पहिला अर्थ घेतला तर ईडिपस हा आपल्या रागीटपणाची शिक्षा भोगणारा मनुष्य ठरतो, आणि नाटक नीतिपाठ होतें. दुसरा अर्थ घेतला तर तो डोळे उघडे ठेवून, उत्तम हेतूनें, अज्ञानांत चालत गेलेला मनुष्य ठरतो, आणि नाटक भयंकर होतें. एका शब्दावर सबंध नाटकाचा अर्थ फिरतो.

आणि या नाटकाच्या नायकाचें नांवच पाहा. 'ओइदिपूस' म्हणजे सुजलेल्या पायांचा. त्यांतील अंत्य पद आपल्या 'पाद' शब्दाचें सख्खें भावंड आहे. पण ग्रीक श्रोत्याच्या कानाला त्या नांवाच्या आरंभीं 'ओइदा' हा शब्दहि ऐकूं येई, आणि 'ओइदा' म्हणजे 'मला ठाऊक आहे'. हा 'ओइदा' म्हणजे संस्कृतांतील 'वेद' हेंच रूप. दोन्ही भाषांत तें पूर्णभूताचें, दोन्हींत अभ्यासरहित, आणि दोन्हींत अर्थ वर्तमानाचा. ज्याच्या नांवांतच 'जाणतों' असें ऐकूं येतें त्याला स्वतःचा बापच ठाऊक नाहीं, हा सोफोक्लीझच्या नाटकाचा गाभा आहे. इंग्रजी भाषांतरकाराला तो तळटीपेंत सांगावा लागतो. संस्कृत जाणणाऱ्या मराठी वाचकाला मात्र तो शब्द घरच्या माणसासारखा भेटावा; पण आम्हीं तो इंग्रजींतून घेतल्यामुळें वाटेंतच हरवला. पु. ल. देशपांड्यांनीं 'ईडिपस' हें इंग्रजी वळण टाकून 'ओयदिपौस' असें नांव घातलें, यांत मूळाकडे वळण्याची इच्छा स्पष्ट दिसते, आणि तिचें आम्ही स्वागत करतों. एवढी इच्छा असून पुढील वाट मराठींत बांधलेली नसावी, हेंच खेदाचें.

तर मग वाटा कोणत्या आहेत? कोशांपासून आरंभ करूं. ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानें सांगलींत विष्णुदास भाव्यांनीं 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणिलें. त्याच वर्षीं ऑक्सफर्ड येथें लिडेल व स्कॉट यांचा ग्रीक-इंग्रजी कोश प्रथम छापला गेला. पुढें जोन्स यांच्या संस्करणानें त्याची नववी आवृत्ति १९४० सालीं पुरी झाली. या कोशाला आजहि पर्याय नाहीं. प्रत्येक शब्दाचे अर्थ कोणत्या ग्रंथांत कसे बदलत गेले हें तो दाखवितो. आपट्यांच्या संस्कृत कोशाशीं ज्याचा परिचय आहे त्याला त्याची रचना अवघड वाटणार नाहीं. मात्र नवशिक्यानें त्याच्या संक्षिप्त आवृत्तीवर संतोष मानावा; मोठ्या कोशांत तो बुडून जाईल. व्याकरणाच्या संदर्भासाठीं स्माइथ यांचें १९२० सालचें पुस्तक पुरेसें आहे. तें वाचण्याचें नव्हे, पाहण्याचें पुस्तक आहे, हें ध्यानांत ठेवावें.

प्राथमिक पुस्तकांपैकीं व्हाइट यांचें १८९६ सालचें पुस्तक जुन्या पद्धतीचा उत्तम नमुना होय. रूपें पाठ करा, लहान वाक्यें दोन्ही दिशांनीं भाषांतरित करा, आणि अखेरीस झेनोफनच्या 'आनाबासिस' या मोहिमेच्या वृत्तांतापाशीं या, असा त्याचा क्रम. आमच्याकडील जुन्या पिढीनें भांडारकरांच्या पुस्तकांवरून संस्कृत याच रीतीनें शिकलें, म्हणून आम्हांस तो क्रम ओळखीचा वाटतो. त्याचा दोष असा, कीं महिनेच्या महिने सैन्याच्या कूचमुकामांखेरीज विद्यार्थ्याच्या कानीं कांहीं पडत नाहीं. आणि सॉक्रेटिसाच्या ओढीनें ग्रीक शिकावयास आलेला मुलगा सेनापति व भाडोत्री शिपाई यांच्या पगाराच्या तंट्यांत अडकून पडतो.

या रुक्षतेवर उपाय म्हणून इंग्लंडमध्यें १९७८ सालीं 'रीडिंग ग्रीक' हें पुस्तक निघालें. आरंभींच जहाज, खलाशी, आणि विम्याच्या पैशासाठीं जहाज बुडविण्याचा डाव, अशी गोष्ट आहे. डेमॉस्थेनीझच्या संग्रहांतील एका भाषणाच्या आधारें ती रचलेली आहे. पुढें ॲरिस्टोफेनीझ व प्लेटो यांच्या ग्रंथांतील भाग सोपे करून येतात. वाचन वेगानें होतें, व मूळ ग्रंथांचा वास लवकर येतो. पण व्याकरण दुसऱ्या खंडांत, वाचन पहिल्यांत, अशी विभागणी असल्यामुळें शिक्षकावांचून शिकणाऱ्याची फार ओढाताण होते. १९९० सालचें 'आथेनाझे' हें पुस्तक आमच्या मतें एकट्यानें अभ्यास करणाऱ्याला अधिक सोयीचें. त्याचा नायक दिकायोपोलिस हा शेतकरी आहे. पहिल्याच पाठांतून शेत, धोंडे, नांगर आणि बैल येतात. कृष्णेच्या कांठचा विद्यार्थी तेथें क्षणभरहि परका राहत नाहीं. बैलाला ग्रीक शब्द 'बूस'. आपला 'गो' तोच. जुंवाला 'ज़ुगोन', संस्कृतांत 'युग', आणि आपल्या शेतकऱ्याच्या तोंडीं 'जूं'. हें नातें इंग्रजी पुस्तक आपल्या विद्यार्थ्याला सांगत नाहीं, आणि सांगण्याचें त्याला कारणहि नाहीं. तें लिहिलें गेलें निराळ्या मुलांसाठीं.

शेजारीं भाषांतर छापलेल्या ग्रंथांची लोब ग्रंथमाला १९१२ पासून निघत आहे. ग्रीक ग्रंथांचें वेष्टन हिरवें, लॅटिनचें तांबडें. डावीकडे मूळ, उजवीकडे इंग्रजी. ही सोय मोठी, आणि धोकाहि मोठा; कारण डोळा सहजच उजवीकडे उतरतो. अमेरिकेंतील टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सियस ग्रंथसंग्रहानें तर सोय आणि धोका दोन्ही शिगेला नेले आहेत. तेथें मूळ ग्रंथ विनामूल्य वाचतां येतात, आणि कोणत्याहि शब्दावर बोट ठेवलें कीं त्याचें रूप व अर्थ पुढें येतो. ज्या गांवांत ग्रीक पुस्तकांचें एकहि कपाट नाहीं, तेथें हें वरदानच म्हटलें पाहिजे. पण रूप ओळखण्याचे कष्ट यंत्रावर सोपविल्यास दहा वर्षांनींहि भाषा येणार नाहीं. आधीं स्वतः रूप ठरवावें, मग यंत्राला विचारावें, हा नियम ज्यानें पाळला त्यालाच या साधनाचा खरा लाभ.

या सर्व साधनांत एक समान गोष्ट आहे. तीं अशा विद्यार्थ्याला समोर धरून लिहिलीं आहेत, ज्याच्या मातृभाषेंत विभक्ति जवळजवळ उरलेल्या नाहींत आणि ज्यानें द्विवचन कधीं पाहिलें नाहीं. त्यामुळें त्याला जें अवघड तें पानेंच्या पानें समजाविलें जातें, व तेंच आपल्या विद्यार्थ्याला आधींच ठाऊक असतें. ग्रीक क्रियापदाचा मध्यम प्रयोग समजावितांना इंग्रजी ग्रंथकार घामाघूम होतो. आपल्या विद्यार्थ्याला 'आत्मनेपद' एवढें म्हटलें कीं पुरे. भूतकाळाच्या आधीं लागणारा 'ए' म्हणजे आपला अडागम: 'फेरो' म्हणजे भरामि, 'एफेरोन' म्हणजे अभरम्. 'दिदोमि' म्हणजे ददामि. 'तिथेमि' म्हणजे दधामि, आणि पहिल्या अक्षरांतील महाप्राण दोन्ही भाषांत सारखाच गळला आहे. संस्कृतांत जेथें आरंभीं 'स' तेथें ग्रीकांत बहुधा 'ह': सप्त, 'हेप्ता'. 'एस्ति' म्हणजे अस्ति. 'देका' म्हणजे दश. उच्चारांतहि तीच कथा. प, त, क आणि फ, थ, ख हा प्राचीन ग्रीकांतील भेद इंग्रज मुलाच्या जिभेला साधत नाहीं. मराठी मुलगा तो पाळण्यापासून करीत आला आहे. प्राचीन ग्रीकांतील स्वराघात हा उच्चनीच सुरांचा होता. वेदपठन ज्यानें ऐकलें आहे त्याला उदात्त म्हणजे काय हें कोणी सांगावयास नको.

उत्साहाच्या भरांत अडचणी झांकणें मात्र योग्य नव्हे. संस्कृताच्या आधारानें शिकणाऱ्याची फसगतहि होते. ग्रीकांत विभक्ति पांचच. आपल्या पंचमीचें काम तेथें षष्ठीनें उचललें आहे, तृतीया व सप्तमी यांचें चतुर्थीनें. हें ओळखलें नाहीं तर वाक्याचा अर्थ भलतीकडे जातो. ग्रीकांत नामामागें लागणारें उपपद आहे. संस्कृतांत तें नाहीं, आणि प्लेटोच्या तत्त्वज्ञानांतील 'सत्', 'चांगलें', 'सुंदर' हीं भाववाचक पदें पुष्कळदां त्या एका उपपदावर उभीं असतात. वाक्यांना जोडणारे 'मेन' व 'दे' यांसारखे बारीक अव्ययशब्द तर ग्रीक गद्याचा प्राण आहेत. आपल्या 'तर' आणि 'मात्र' यांच्याशीं त्यांचें नातें लावून दाखविणारा शिक्षक भेटला तर विद्यार्थ्याचें सहा महिन्यांचें काम वांचेल. लिपीचीहि एक अडचण आहे: ग्रीकांत ऱ्हस्व व दीर्घ 'ए' आणि 'ओ' निरनिराळे आहेत, देवनागरींत तो भेद दाखविण्याची सोय नाहीं. तेव्हां ग्रीक देवनागरींत लिहून शिकावें, अशी सूचना कोणी केली तर तिला आमचा विरोध राहील. चोवीस अक्षरांची लिपि आठ दिवसांत येते. तेवढे कष्ट वांचविण्यांत अर्थ नाहीं.

या साऱ्यावर व्यवहारी गृहस्थाचा प्रश्न उरतोच: याचा उपयोग काय? मिरजेसारख्या वैद्यकाच्या गांवीं, जेथें १८९४ सालीं मिशनचें रुग्णालय निघालें व १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथें तो विचारला जावा याचें हसूं येतें. कारण तेथील विद्यार्थी दिवसभर ग्रीक शब्दच घोकीत असतात. परंतु हें उत्तर आम्हांस पुरेसें वाटत नाहीं. शब्दांच्या धातूंसाठीं भाषा शिकण्याची गरज नसते. एक लहानसें कोष्टक पुरतें. खरें उत्तर निराळें आहे. ग्रीक शिकून पैसा मिळणार नाहीं, आणि सर्वांनीं तें शिकावें असेंहि आम्ही म्हणत नाहीं. शंभरांतील नव्व्याण्णव वाचकांना चांगलें भाषांतरच हवें. पण तें चांगलें भाषांतर करणारा शंभरावा मनुष्य आपल्यांत हवा कीं नको? नाट्यविद्येचें माहेर म्हणविणाऱ्या सांगलीला हा प्रश्न अधिक लागू आहे. भाव्यांच्या नाटकांत सूत्रधार कथाभाग गाई व पात्रें प्रसंगानुरूप बोलत. ग्रीक नाटकांतील गाणारा व नाचणारा वृंद म्हणजे काय, हें लंडनच्या प्रेक्षकापेक्षां अशा परंपरेंत वाढलेल्या माणसाला लवकर कळावें. तसें कळलेला कोणी मूळ ग्रीक वाचून मराठींत लिहील, तेव्हां तो इंग्रजींत नसलेलें कांहीं तरी जगाला सांगेल.

आणि येथेंच आमची चिंता आहे. ग्रीक शिकण्यांत आम्हांस जो लाभ आहे तो सर्वस्वीं संस्कृताच्या जोरावर. ज्या पिढीला संस्कृत व्याकरण मुखोद्गत होतें, ती दिवसेंदिवस विरळ होत आहे. शाळांतून संस्कृत आहे, परंतु पुष्कळ ठिकाणीं तें गुणांची बेरीज वाढविण्यापुरतें. लुङ् आणि लिट् यांचीं नांवें ऐकूनच घाबरणाऱ्या विद्यार्थ्याला ग्रीकांतील त्यांचे जोडीदार दाखवून काय उपयोग? संस्कृताच्या आधारानें ग्रीक शिकविणारें मराठी पुस्तक लिहिण्याची वेळ आज आहे. तें लिहिण्यास समर्थ असे लोक आज आहेत, आणि त्याचा उपयोग करूं शकणारे विद्यार्थीहि थोडे कां होईना पण आहेत. आणखी एका पिढीनें हें पुस्तक लिहिलें तर त्याच्या प्रत्येक पानाला दुसऱ्या पुस्तकाची टीप लागेल.

म्हणून आम्ही तीन लहान कामें सुचवितों. पहिलें, भांडारकरांच्या पुस्तकांच्या धर्तीवर पन्नास धड्यांचें ग्रीक प्रवेशपुस्तक. त्यांत प्रत्येक रूपाशेजारीं संस्कृताचें रूप असावें, आणि जेथें भेद आहे तेथें ठळक इशारा. दुसरें, डावीकडे ग्रीक व उजवीकडे मराठी अशीं लहान पुस्तकें. आरंभ 'पेरिप्लुस'मधील आपल्या बंदरांच्या व पेठांच्या भागापासून करावा, कारण त्याचें ग्रीक सोपें आहे व विषय घरचा आहे. नंतर सॉक्रेटिसाचें न्यायसभेपुढील भाषण घ्यावें. तिसरें, सांगली-साताऱ्याच्या नगर वाचनालयांतून आठवड्याला एकदां बसणारें वाचनमंडळ. पुण्यांतील ख्रिस्ती धर्मविद्यालयांतून नव्या कराराचें ग्रीक शिकविलें जातें. तें शिकलेल्यांचें साह्य मागण्यांत कोणताहि कमीपणा नाहीं. रोज एक तास देणारे चार मनुष्य दोन वर्षांत सॉक्रेटिसाच्या भाषणापर्यंत पोंचतील असा आमचा विश्वास आहे.

चिपळूणकरांच्या सॉक्रेटिसाला आतां पावणेदोनशें वर्षें होत आलीं. त्या काळीं इंग्रजीच्या दारानें आंत जाणें हेंच धाडस होतें, आणि त्यांनीं तें केलें. आज पुस्तकें आहेत, कोश आहेत, मूळ ग्रंथ घरांत येऊन पडले आहेत. ज्या घरांतील मुलीला 'भू'चीं रूपें अजून म्हणतां येतात, त्या घरच्या वडील मंडळींनीं तिच्यापुढें ग्रीक वर्णमालेचें एक पान ठेवून पाहावें, अशी आमची विनंति आहे.